अंधारी खोली आणि चवदार तळे



पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या अभ्यासवर्गात ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’चे वाचन चालू होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मध्येच मोबाईल पुढे केला. “दादा, हे ऐका ना. हा गोरा माणूस बाबासाहेबांसारखंच बोलतोय.”

मोबाईलवर टेरेन्स मॅकेना बोलत होता. हा अमेरिकन माणूस २००० साली वारला, पण त्याची भाषणे आज तुकडे तुकडे होऊन रील्समध्ये फिरतात, मागे ट्रान्स संगीत लावलेले. त्या तुकड्यात तो सांगत होता की संस्कृती ही तुमची मैत्रीण नव्हे. ती तुमच्या भल्यासाठी बनलेलीच नाही. ती चर्चच्या, कंपन्यांच्या, सरकारच्या सोयीची आहे आणि ती तुम्हाला वापरून घेते. वर्गातल्या पोरांनी माना डोलावल्या. खोटे कशाला बोला, आम्हीही डोलावली.

वर्ग संपल्यावर तो मुलगा मागे थांबला. होस्टेलवरचे मित्र डिसेंबरात गोव्याला जाणार होते, तिथे ॲसिड घेणार होते आणि यालाही चल म्हणत होते. “जाऊ का, दादा?” व्यसन वाईट, पंचशील पाळ, एवढे सांगून मोकळे होता आले असते. आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ तेवढेच सांगतात. पण ज्या मुलाला विचाराने भुरळ घातली आहे त्याला उत्तरही विचारानेच द्यावे लागते. म्हणून पुढचे दोन महिने आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. हा लेख त्यातून आला आहे.

आधी हे सायकेडेलिक तत्त्वज्ञान आहे तरी काय ते पाहू. स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ या औषध कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन याने १९३८ मध्ये एलएसडी तयार केले आणि १९४३ मध्ये त्याचा मनावरचा परिणाम स्वतःवरच अनुभवला. १९५३ मध्ये इंग्रज लेखक अल्डस हक्सले याने लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी मेस्कलीन घेतले आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. त्याला ते देणारा मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड याने १९५६ मध्ये हक्सलेशी चाललेल्या पत्रव्यवहारात ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडवला. मूळ ग्रीक, अर्थ मन प्रकट करणारे. वर्ष लक्षात घ्या, १९५६. त्याच वर्षी नागपूरला लाखो माणसांनी आपले मन बदलले आणि त्यासाठी कुठले रसायन लागले नाही. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो आमच्या डोक्यातून जात नाही.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याला जग जसे आहे तसे दिसतच नाही. भाषा, सवयी, संस्कार यांची चाळणी मध्ये असते आणि आपण ‘मी’ म्हणतो तोही त्या चाळणीचाच भाग. ही द्रव्ये काही तास ती चाळणी बाजूला करतात. पुरेशा लोकांनी हा अनुभव घेतला तर युद्ध, हाव, द्वेष आपोआप गळून पडतील. मॅकेना तर यापुढे गेला. माकडाचा माणूस झाला तोच मुळी अशा अळंब्या खाऊन, असे तो सांगे. शास्त्रज्ञांनी ते कधी मान्य केले नाही. २१ डिसेंबर २०१२ ला इतिहास एका टोकाला पोचणार असाही त्याचा हिशेब होता. २०१२ आले आणि गेले. ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवून घ्या म्हणून २०१३ मध्येही कार्यकर्ते पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतच होते.

पण चेष्टा पुरे. मॅकेनाच्या पहिल्या वाक्यात दम आहे हे मान्य करू. संस्कृती आपली मैत्रीण नव्हे हे आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन सांगायची गरज नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तेव्हा आपल्या माणसांनी तेच जाहीर केले होते. मग बिनसते कुठे? मॅकेनाचा उपाय बघा. पाच ग्रॅम वाळवलेल्या अळंब्या घ्या, एकट्याने, शांत अंधाऱ्या खोलीत पडून राहा. बाबासाहेबांचा उपाय बघा. हजारो माणसे बरोबर घ्या, भर उन्हात तळ्यावर जा आणि सगळ्यांच्या देखत ओंजळभर पाणी प्या. दोघेही म्हणतात की संस्कृतीने तुम्हाला कोंडले आहे. एकाला वाटते ती कोंडी कवटीच्या आत आहे. दुसऱ्याला माहीत आहे की ती तळ्यावर आहे, सातबाऱ्यावर आहे आणि म्हणूनच ती डोक्यातही आहे.

इथे त्या मुलाने आम्हाला बरोबर अडवले. “पण दादा, आपण आत्ताच वाचलं ना, जात ही मनाची अवस्था आहे म्हणून?” हो, बाबासाहेब १९३६ मध्ये तेच म्हणतात. जात म्हणजे काही विटांची भिंत नव्हे, ती कल्पना आहे. पण पुढचे पान उलटा. ही कल्पना मनात आली कुठून? शास्त्रांच्या पावित्र्यातून. म्हणून त्यांचा घाव शास्त्रांच्या अधिकारावर आहे. एखाद्या सवर्ण माणसाने सहा तास जात विसरावी, एवढ्याने बाबासाहेबांचे समाधान झाले नसते. सातव्या तासाला तो घरी परततो आणि घरात तेच पुस्तक, तेच स्वयंपाकघर, लग्नाच्या जाहिरातीतली तीच अट असते. महाडला तर पाणी पिऊन झाल्यावर आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्यात गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले गेले, आणि तळ्यावरच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले. दहा वर्षे. मन बदलायचे तर एवढे करावे लागते.

आता या तत्त्वज्ञानातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. हार्वर्डमधला मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी याने एक सिद्धांत लोकप्रिय केला. द्रव्याचा परिणाम नुसत्या द्रव्यावर ठरत नाही, घेणाऱ्याच्या मनाची तयारी आणि भोवतालची परिस्थिती यांवर ठरतो. इंग्रजीत त्याला ‘सेट अँड सेटिंग’ म्हणतात. (आपल्याकडे सेटिंग म्हटले की तलाठी कार्यालय आठवते, पण तो अर्थ इथे नाही.) सिद्धांत चांगला आहे, आजचे संशोधकही तो मानतात. पण ही मंडळी भोवताल म्हणजे काय धरतात? मऊ गादी, मंद दिवा, चांगले संगीत, शेजारी विश्वासू माणूस. म्हणजे भोवताल खोलीच्या भिंतीशी संपतो. आमचा आक्षेप इथेच आहे. भिंतीबाहेर समाज आहे, पोलीस आहेत, वंश आहे, जात आहे, आणि कुणाच्या वाट्याला कोणती खोली येणार हे तेच ठरवतात.

उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात हक्सले आपल्या घरात बसून फुलांकडे आणि स्वतःच्या विजारीच्या चुण्यांकडे बघत परमतत्त्वाचा विचार करत होता. त्याच दशकात केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी व्यसनमुक्ती रुग्णालयात डॉ. हॅरिस इस्बेल कैद्यांवर एलएसडीचे प्रयोग करत होता. पैसा सीआयएचा होता. हे कैदी बहुतांशी काळे होते, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकलेले. प्रयोगात भाग घेतल्याचे बक्षीस म्हणून त्यांना काय दिले जायचे? ज्या व्यसनातून सोडवायला त्यांना तिथे ठेवले होते तोच माल. सात जणांना तर सलग ७७ दिवस एलएसडी दिले गेले. द्रव्ये एकाच प्रकारची, दशक एकच, देश एकच. एकाच्या अनुभवाचे पुस्तक झाले, दुसऱ्यांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. समाजशास्त्राच्या वर्गात ‘रचना’ हा शब्द शिकवायला याहून बोलके उदाहरण आम्हाला कुणी दिले नव्हते.

दुसरे नाव मारिया साबिना. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या डोंगरात, हुआउतला गावात राहणारी ही मझातेक आदिवासी बाई. तिला स्पॅनिश येत नव्हते, फक्त आपली बोली येत होती. गावात कुणी आजारी पडले की ती रात्री अळंब्यांचा विधी करायची. दुखण्याचे कारण शोधायचे आणि माणूस बरा करायचा, यासाठी तो विधी होता. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष गॉर्डन वॉसन तिच्याकडे पोचला, विधीला बसला आणि १९५७ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ या खपाऊ साप्ताहिकात त्याने सचित्र लेख लिहिला. लेखात तिचे नाव बदलले होते, तरी जगाला ती कोण हे कळायला वेळ लागला नाही. १९५८ मध्ये हॉफमनने त्या अळंब्यांतून सायलोसायबिन वेगळे काढले आणि सँडोझने त्याच्या गोळ्या बनवल्या. गावात हिप्पींची रीघ लागली, मागोमाग पोलीस आले. गावकऱ्यांनी दोष दिला तो साबिनालाच. तिचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये ती गरिबीतच मेली. परके आल्यापासून अळंब्यांची ताकद गेली, असे ती म्हणायची. तिच्याकडे जे लोक यायचे ते आजार घेऊन यायचे, आणि हे नवे लोक देव बघायला आले होते, ही तिची तक्रार होती.

मझातेकांचा विधी किंवा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा पेयोटेचा विधी याला नावे ठेवायचे आम्हाला कारण नाही. तो त्यांच्या समूहाचा आहे, त्यांच्या दुःखाला धरून आहे. पेयोटे घेतला म्हणून नोकरीवरून काढलेल्या माणसांविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निकाल दिला, तो संसदेकडून बदलून घ्यायला त्या लोकांना चार वर्षे झगडावे लागले. गोऱ्या प्राध्यापकाचे ‘आत्मसंशोधन’ आणि आदिवासीचा ‘गुन्हा’. ही गणिते आपल्याला ओळखीची आहेत. आपल्याकडे नाही का, एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत गांजा बसतो आणि भांगेची पाने सुटतात? महाशिवरात्रीला भांग घेतलेला भाविक, आणि पुलाखाली चिलीम ओढणारा गर्दुल्ला.

लिअरीने १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेळाव्यात तरुणांना हाक दिली ती व्यवस्थेतून बाहेर पडण्याची. बाहेर पडा! पण बाहेर कोण पडू शकतो? हार्वर्डची नोकरी गेल्यावर लिअरी ज्या मिलब्रूकच्या हवेलीत राहिला ती मेलन या गर्भश्रीमंत घराण्याच्या वारसांची होती. ज्याच्या मागे हवेली आहे तो बाहेर पडतो. ज्याला आत येऊच दिलेले नाही त्याने कुठून बाहेर पडायचे? आपल्या घरातले पहिले पोरगे कॉलेजच्या दारात पाय ठेवते आहे, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला आहे, आणि त्याला म्हणायचे की व्यवस्था सोड!

हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारलेला नाही. १९७० मध्ये गांजाच्या खटल्यात शिक्षा झालेला लिअरी तुरुंगातून पळाला आणि अल्जेरियात ब्लॅक पँथर पक्षाच्या एल्ड्रिज क्लीव्हरच्या आश्रयाला गेला. थोड्याच महिन्यांत, १९७१ च्या सुरुवातीला, क्लीव्हरने आपल्या या पाहुण्याला चक्क नजरकैदेत टाकले. या लढ्याला शुद्धीवर असलेली, थंड डोक्याची माणसे लागतात, ॲसिडची तंद्री क्रांतीच्या कामाची नाही, असे त्याने जाहीर केले. क्लीव्हर काही संत नव्हता, त्याच्या बऱ्याच गोष्टी आम्हाला पटत नाहीत. पण त्याचा संदर्भ ध्यानात घ्या. त्याच्या पक्षाचा शिकागोतला २१ वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला पोलिसांनी १९६९ च्या डिसेंबरात पहाटे घरात घुसून बिछान्यातच गोळ्या घातल्या होत्या. अशा माणसांना शुद्ध हरपणे परवडत नाही. या पँथरांचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा त्या मुलाला आम्ही म्हणालो, गोऱ्या माणसाचेच ऐकायचे असेल तर आधी त्याच्या देशातल्या काळ्या माणसाचेही ऐक.

तंत्रज्ञानाचेही तसेच. कॅलिफोर्नियातली संगणक संस्कृती आणि ॲसिड संस्कृती या शेजारणी होत्या. १९६६ च्या ट्रिप्स फेस्टिव्हलच्या आयोजकांतला स्ट्युअर्ट ब्रँड दोन वर्षांनी ‘होल अर्थ कॅटलॉग’ काढतो आणि संगणकवाल्यांचा लाडका होतो. स्टीव्ह जॉब्ज एलएसडीचा अनुभव आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टींत मोजायचा. लिअरी म्हातारपणी घरगुती संगणकालाच नवे एलएसडी म्हणू लागला. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडसाठी गाणी लिहिणाऱ्या जॉन पेरी बार्लोने १९९६ मध्ये आंतरजालाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. तिथे म्हणे वंश, पैसा, जन्म यांचा भेद न करता कुणालाही प्रवेश असणार होता. शरीर मागे राहणार, मन तेवढे तारेतून जाणार. पुढे काय झाले? त्याच सिलिकॉन व्हॅलीत २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळाने जातिभेदविरोधी विधेयक मंजूर केले, राज्यपालांनी ते सही न करता परत पाठवले. जात समुद्र ओलांडून गेली, संगणकात शिरली. आणि ज्या रीलमध्ये मॅकेना संस्कृतीच्या कचाट्यातून सुटा म्हणतो, ती रील या मुलाला रात्री दोन वाजता दाखवणारे यंत्रही त्याच व्हॅलीतले आहे. त्याचे डोळे मिटू नयेत यातच त्या यंत्राचा नफा आहे.

आज तर या अनुभवाचा बाजारच मांडला जातो आहे. ओरेगॉन राज्यात २०२३ पासून कायदेशीर सायलोसायबिन केंद्रे आहेत, एका सत्राला बहुतेक ठिकाणी हजार डॉलरच्या वर पडतात. कंपास पाथवेज या कंपनीने सायलोसायबिनच्या विशिष्ट स्फटिकरूपाचे पेटंट घेतले आहे. हुआउतलाच्या डोंगरातल्या माणसांचा यात वाटा किती?

राहिला प्रश्न ‘मी’ विरघळण्याचा. हे लोक बुद्धाचे नाव फार घेतात. त्या द्रव्याच्या अमलात ‘मी’ नाहीसा होतो, तेच तुमचे अनात्म, असे सांगतात. आम्हाला हे दोन कारणांनी पटत नाही. एक म्हणजे तथागतांची कसोटी. कालामांना त्यांनी सांगितले की परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा मोठेपणा यांवरून काही मानू नका, त्यातून लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात ते पाहा. म्हणजे अनुभवाची तीव्रता हा पुरावाच नाही. पाचव्या शिलात नशेला नकार आहे तो प्रमादामुळे, म्हणजे सावधपण सुटते म्हणून. दुसरे कारण आपले आहे. ‘मी’ विसरा हा उपदेश ज्याचा ‘मी’ फुगलेला आहे त्याला शोभतो. ज्याच्या आजोबाला गावात स्वतःचे नावही ताठ मानेने सांगता येत नव्हते, त्याला आधी ‘मी माणूस आहे’ म्हणायला शिकावे लागले. बाबासाहेबांनी धम्मात प्रज्ञा, करुणा आणि समता शोधली. समता दोन माणसांमध्ये असते, एकट्याच्या अंधाऱ्या खोलीत तिचे काय काम?

आता व्यवहाराचे बोलू. १९६९ च्या सुमारास मॅकेना मुंबईहून अमेरिकेला चरस पाठवायचा. एक माल कस्टम्सच्या हाती लागला, तो काही काळ लपतछपत फिरला, आणि पुढे विद्यापीठाची पदवी घेऊन नावाजलेला व्याख्याता झाला. आपल्या मुलाचे काय होईल? एनडीपीएस कायद्यात एलएसडीची ‘व्यापारी मात्रा’ ०.१ ग्रॅमपासून सुरू होते. तेवढ्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड, आणि हा माणूस निर्दोष असावा असे न्यायाधीशाला वाटल्याखेरीज जामीनही नाही. चार मित्रांचे कागद एकाच्या खिशात सापडले तर खिसा कुणाचा होता हे पाहिले जाते. आणि वकील कुणाचा बाप आणू शकतो हेही. भोवताल, भोवताल म्हणतात तो हा.

हे सगळे त्याला दोन-तीन रविवारी बसून सांगितले. त्याने नीट ऐकले, वादही घातला. शेवटी म्हणाला, “पटतंय दादा. गोव्याला नाही जात. पण मला चार महिने झोप नाही. वर्गात गेलो की छाती धडधडते. ते औषध डिप्रेशनवर चालतं म्हणतात, म्हणून मी ऐकत होतो.”

त्या संध्याकाळी आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन महिने आम्ही मॅकेनाचा विचार खोडत होतो, आणि मुलगा आमच्यासमोर झोपेविना बसला होता. साबिनाकडे निदान आजारी माणूस आला की ती आधी काय दुखते ते विचारायची. आपल्या चळवळीत मोर्चाला जागा आहे, जयंतीला जागा आहे, पण ‘मला झोप येत नाही’ हे वाक्य बोलायला जागा नाही. असे बोलणारा पोरगा कच्चा ठरतो. मग तो रात्री दोनला मोबाईलशी बोलतो.

नैराश्यावर सायलोसायबिनचे प्रयोग चालू आहेत हे खरे आहे. २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ते आणि नेहमीची नैराश्याची गोळी यांच्यात मुख्य मोजमापावर ठोस फरक दिसला नाही. संशोधन पुढे जाईल, उद्या त्यातून औषधही निघेल आणि तेव्हा ते आपल्या सरकारी दवाखान्यातही मिळाले पाहिजे म्हणून आपणच भांडू. पण ते उद्याचे झाले. सोमवारी सकाळी आम्ही त्याला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो, केसपेपर काढला, मानसोपचार विभागाच्या बाकावर अडीच तास बसलो. डॉक्टरीणबाईंनी पंधरा मिनिटे दिली, गर्दीच्या मानाने ती पुष्कळ होती. गोळ्या लिहिल्या, पुन्हा बोलावले. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आम्ही आता अभ्यासवर्गाच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवला आहे. तुमच्याही ठिकाणी लिहा.

परवाच्या रविवारी तो आला होता. झोप अजून तुटक आहे म्हणाला. वाचन संपल्यावर सगळ्यांनी पाळीपाळीने गेला आठवडा कसा गेला ते सांगायचे, अशी अर्ध्या तासाची नवी रीत त्यानेच सुचवली. पहिल्या दिवशी चौघे बोलले. एक जण नुसताच उठून बाहेर गेला आणि चहा घेऊन परत आला. पुढच्या वेळी त्याच्या शेजारी बसायचे आम्ही ठरवले आहे.